स्वस्तातलं कार्ड, फुकटचा ताप

बजेटमधलं ग्राफिक्स कार्ड शोधून शोधून डोक्याचा भुगा झालाय. एक आवडावं, तर मेमरी ८ जीबीच. १२ जीबीवालं बघावं, तर त्याला विजेची ८ पिनची वायर हवी, आणि माझ्या पीसीच्या कॅबिनेटमध्ये ६ पिनची एकच लोंबतेय! वायरशिवाय, नुसत्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं घ्यावं, तर त्यात दम नाही. वर नावांचा घोळ. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० कार्ड आठवतंय? ३ जीबी आणि ६ जीबी, नाव तेच, पण छोट्यात कोरसुद्धा (चिपमधले गणितं करणारे भाग) कमी, १२८० ऐवजी ११५२. अरे, मग नाव तरी वेगळं ठेवा ना! काही स्वस्त कार्डांना लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, फक्त ४. जुन्या, हळू पीसीआयई ३.० स्लॉटच्या मदरबोर्डवर ती आणखी रखडतात, म्हणजे ज्याचा पीसी जुना त्यालाच दणका. काल टेप घेऊन कॅबिनेट मोजलं. कार्ड बसतंय, पण हार्ड डिस्कचा पिंजरा उपटावा लागेल.