'वकिलाविरुद्ध कुणी ऐकत नाही' हा मेसेज पुढे पाठवू नका
चार दिवस झाले, सोलापूरच्या जवळजवळ सगळ्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय की बार कौन्सिल म्हणजे वकिलांची युनियन, फी थकली तर वकील फाईल अडवू शकतो, आणि फारच त्रास झाला तर ग्राहक मंचात जा. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

युनियनचं आधी. कोर्टात आपण बाररूम बघतो ती बार असोसिएशनची, वकिलांची स्थानिक संघटना. बार कौन्सिल वेगळी, ती १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं स्थापन झाली. वकिलांचे हक्क जपणं हे तिचं काम आहेच, पण त्याच कलम ६ मध्ये गैरवर्तनाची प्रकरणं निकाली काढणंही लिहिलंय. वकिलीची सनद तीच देते आणि कलम ३५ खाली ताकीद, काही काळ सस्पेंड, नाहीतर यादीतून नाव कायमचं काढणं हेही तीच करते.

फाईलचं मात्र मला मनापासून लागलं. आमच्या शेजारच्या काकू, आयुष्यभर विड्या वळल्या, जागेच्या केसमध्ये वकील बदलायचा होता तर आधीचे म्हणाले बाकी फी आणा मग कागद देतो. काकू कापडी पिशवीत दोऱ्यानं बांधलेल्या पावत्या घेऊन महिनाभर हेलपाटे मारत होत्या आणि हा मेसेज वाचून गप्प बसल्या ओ. सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय की फी बाकी असली तरी पक्षकाराची फाईल अडवता येत नाही, वकिलानं फीसाठी कायदेशीर मार्गानं जावं, आणि फाईल अडवणं हे गैरवर्तन आहे.

ग्राहक मंचाचा रस्ता तर मे २०२४ पासून बंदच, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. मग उरते बार कौन्सिलच, आपल्यासाठी मुंबईतली महाराष्ट्र आणि गोव्याची. तक्रार ऐकणाऱ्या तिच्या शिस्तपालन समितीत तिघे असतात, तिघेही वकीलच, त्यामुळं लोकांना शंका येते ते मी समजू शकतो. पण वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, आणि निकाल पटला नाही तर ६० दिवसांत तिथंच अपील, त्याच्यावर सुप्रीम कोर्ट. फक्त केस हरलो म्हणून तक्रार टाकू नका, ते गैरवर्तन होत नाही.

अर्जात तारखा लिहा, वकीलपत्राची झेरॉक्स आणि पावत्या जोडा. काकूंनी सगळ्या पावत्या जपल्या होत्या म्हणून त्यांचा अर्ज एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून लिहून झाला.