आकडा बदलला ना जी!

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला. तेवढ्या पुण्याईवर आमच्या सीताबर्डीच्या ऑफिसचं 'आयटी' खातं माझ्या गळ्यात पडलं. घरून काम करणाऱ्यांना फायली सुखरूप पोचवणं हे त्यातलंच एक काम.

साहेबांचा तोडगा सोपा होता. "शेअर फोल्डर नेटवर उघडं करून टाक ना!" मी म्हटलं, साहेब, 2017च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम याच वाटेनं, 445 नंबरच्या पोर्टातून, जगभर घुसला होता. जगाचं साहेबांना काही वाटलं नाही. फायलींना कुलूप लावून वर खंडणी मागतात म्हटल्याबरोबर व्हीपीएन, म्हणजे नेटवरून ऑफिसात शिरायची कुलूपबंद वाट, मंजूर.

व्हीपीएनला पासवर्ड, शिवाय मोबाईलवरचा सहा आकडी कोड. तो दर 30 सेकंदांनी बदलतो. गोंदियाहून काम करणारे आमचे काका आधी चष्मा शोधतात, मग चष्मा लावून फोन शोधतात, मग एकेक आकडा मोठ्यांदा म्हणत टाकतात. "चार... सात... अरे, बदलला ना जी!" पुढे त्यांचा हात बसला, तरी कोड चूकच. मी पार रडकुंडीला आलो. शेवटी उलगडा झाला: गाडी चुकू नये म्हणून काका फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतात, आणि हा कोड निघतो घड्याळावरूनच! घड्याळ मागे करा म्हटलं, तर म्हणाले, "मंग गाडी सुटली तं तुम्ही सोडून देसान का?"

संध्याकाळी तर प्रश्नच मिटतो. विजेचं बिल पाहून साहेबांनी शिपायाला मेन स्विच बंद करूनच जायला सांगितलंय, आणि सर्व्हर त्याच लाइनवर. सुरक्षा अशी, की चोर सोडा, मालकालाही फाईल उघडत नाही.

पगाराच्या एक्सेलला पासवर्ड लावून साहेब ती फाईल आणि खालीच पासवर्ड, दोन्ही एकाच ईमेलात पाठवत. मी समजावलं, पासवर्ड वेगळ्या वाटेनं द्या, फोनवर सांगा. साहेबांनी ऐकलं, अगदी मनावर घेतलं. फक्त मे महिना होता, ऑफिसातला कूलर धडधडत होता आणि काकांना ऐकू येत नव्हतं. साहेब खुर्चीतून उठून एकेक अक्षर ओरडून सांगत होते. हॉलमधल्या सगळ्या माना वर झालेल्या. चहावाला पोरगा कप ठेवता ठेवता थांबला.

"साहेब, त्यातला एस मोठा का लहान जी?"