काका, ती डिस्क भंगारात देऊ नका

परवा काकांचा फोन आला. "अरे, रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवतोय. जुनी डिस्क भंगारात देऊन टाकू ना?" त्या डिस्कवर त्यांच्या भजनी मंडळाची पंधरा वर्षांची रेकॉर्डिंग आहेत आणि दुसरी प्रत कुठेही नाही. हे खूळ आलं एका फिरत्या मेसेजमधून: कुठलंही स्वस्त कार्ड अ‍ॅडॅप्टरला लावा, आवाज सुधारतो, बॅटरी दुप्पट चालते, आणि फ्लॅशवरचं (म्हणजे कार्डातल्या चिपवरचं) 'आयुष्यभर' टिकतं, तेव्हा जुनी डिस्क ठेवायची गरज नाही.

आवाजाचं आधी उरकतो. काकांचा रेकॉर्डर, आयरिव्हर एच १२०, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल करतो: सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. आवाजाचा दर्जा ठरतो तो माइक, माइकचा क्षीण आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प आणि आवाजाचे आकडे करणाऱ्या एडीसीत. पुढे ते आकडे तबकडीवर गेले काय नि चिपवर गेले काय, आकडे तेच. एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. डिस्क फिरायला लागली की तिची घरघर जवळच्या माइकात उतरते आणि कार्ड बसवल्यावर ती जाते. पण त्यावरून 'आवाज सुधारला' म्हणणं म्हणजे पंखा बंद केल्यावर गवयाचा गळा सुधारला म्हणण्यासारखं आहे.

बॅटरी थोडी जास्त चालेल. दुप्पट कशी होईल? डिस्क सतत फिरतच नाही. आवाज आधी ३२ एमबीच्या मेमरीत साठतो, ती भरत आली की डिस्क जागी होते, लिहिते, पुन्हा झोपते.

'कुठलंही कार्ड' हे तर निव्वळ अज्ञान. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाला आयडीईची, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीची, भाषा मुळातच येते, अ‍ॅडॅप्टर फक्त तारा जुळवतो. एसडी कार्डाला मध्ये दुभाषी चिप लागते. शिवाय ६४ जीबीपासूनची एसडी कार्डं एक्सफॅट या फाइलींच्या नव्या मांडणीत येतात, हे जुनं यंत्र फक्त फॅट३२ ही जुनी मांडणी ओळखतं.

आता 'स्वस्त' आणि 'आयुष्यभर'. स्वस्तात मिळणाऱ्या बनावट कार्डावर २५६ जीबी छापलेलं असतं, संगणकही तेवढंच दाखवतो, आत प्रत्यक्षात ८ जीबीसुद्धा असू शकतात. ती खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं, आणि रेकॉर्डर चकार शब्द काढत नाही. कळतं ते फाइल उघडल्यावर. म्हणून वापरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या तपासणीच्या प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून, परत वाचून बघायचं.

अस्सल कार्डही अमर नसतं. फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी २१८ मध्ये घरगुती एसएसडीसाठी (फ्लॅश चिपच्या डिस्कसाठी) अट काय आहे? लेखनाची ठरलेली मर्यादा गाठल्यावर, ३० अंश सेल्सिअसला, विजेविना १ वर्ष माहिती टिकली पाहिजे. नवं, कमी वापरलेलं माध्यम याहून पुष्कळ जास्त टिकतं, हेही खरं. पण 'आयुष्यभर' हा शब्द त्यात कुठेच नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कपाटात ३० अंश कुठले!

कार्ड बसवू नका असं मी म्हणत नाही. १.८ इंची डिस्क आता नव्या बनत नाहीत, आणि चालू डिस्क हातातून पडली तर कार्डाइतकी सोसत नाही. माझ्याही यंत्रात कार्डच आहे.

काकांना सांगितलंय, स्क्रू उघडायच्या आधी यूएसबीने सगळं दोन ठिकाणी उतरवा. काल रात्री अर्धं झालं होतं. डिस्क, निदान आज तरी, त्यांच्या टेबलाच्या खणात आहे.