प्रतिक्रियेला उत्तर: लॅमिनेटच्या पोटात सेन्सर कशाला?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कॉम्पोझिटच्या लॅमिनेटमध्ये (रेझिनने जोडलेल्या कार्बन तंतूंच्या थरांमध्ये) सेन्सर घालणं म्हणजे आपल्याच हाताने दोष पेरणं. ऑटोक्लेव्हचं (दाबाखाली भाग तापवून रेझिन पक्कं करणाऱ्या भट्टीचं) तापमान आणि दाब पाळा, शेवटी अल्ट्रासॉनिक तपासणी करा, झालं.

पहिला मुद्दा मी उडवून लावणार नाही. कार्बनचा तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा, सेन्सर म्हणून घालतात तो नेहमीचा ऑप्टिकल फायबर १२५ मायक्रॉनचा. प्रीप्रेगचा (आधीच रेझिन मुरवलेल्या तंतूंच्या चादरीचा) अख्खा थरही बरेचदा तेवढाच जाड. फायबर तंतूंना आडवा पडला की थर त्याच्याभोवती वाकतात आणि दोन्ही बाजूंना नुसत्या रेझिनचा खिसा उरतो. भेगेला तेवढी जागा पुरते. तोच तंतूंच्या दिशेने ठेवला तर बराचसा सामावून जातो. (खरी डोकेदुखी कडेची आहे. फायबर बाहेर पडतो तिथेच तुटतो, आणि कडा छाटायच्या असतील तर विषयच संपला.)

दुसरा मुद्दा मात्र पटत नाही. ऑटोक्लेव्हमधल्या हवेचं तापमान म्हणजे जाड लॅमिनेटच्या गाभ्याचं तापमान नव्हे. सुरुवातीला गाभा मागे रेंगाळतो. मग इपॉक्सीची अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडू लागते, ती लवकर बाहेर पडत नाही, आणि गाभा ठरवलेल्या १८० अंशांच्या वर निघून जातो. कडेला चिकटवलेल्या थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या तारेला) याचा पत्ताही नसतो.

ब्रॅग ग्रेटिंग (फायबरमध्येच कोरलेली, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारी जाळी) आणखी एक गोष्ट दाखवतं. रेझिन पातळ असेपर्यंत फायबरवर त्याची पकड नसते. जेल झालं की पकड बसते आणि आकसणं तरंगलांबीत उमटू लागतं. १५५० नॅनोमीटरच्या आसपास ती एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीतल्या दशलक्षांश बदलाला) सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, पण एका अंशालाही सुमारे १० पिकोमीटर. म्हणून शेजारी तापमान वेगळं मोजलं नसेल तर ते आकडे मी बघतही नाही. साच्यातून काढलेल्या भागाचा कोन साच्यापेक्षा लहान का होतो, हे समजायला ही नोंद फार कामाची.

अल्ट्रासॉनिक तपासणीत पोकळ्या आणि सुटलेले थर दिसतात. रेझिन किती क्युअर (पक्कं) झालं, हे मात्र नेहमीच्या सी-स्कॅनमधून (त्या तपासणीतून मिळणाऱ्या नकाशातून) कळत नाही. त्यासाठी तुकडा कापून काचांतरण तापमान (ज्यावर पक्कं रेझिन मऊ पडू लागतं ते) तपासावं लागतं.

तरीही विकायच्या प्रत्येक भागात सेन्सर पुरा, असं मी म्हणत नाही. चाचणीच्या पॅनेलमध्ये हवे तितके पुरा, त्यावरून तापमान-दाबाची सायकल ठरवा. उत्पादनात साच्याच्या पृष्ठभागावर बसवलेला डायइलेक्ट्रिक सेन्सर (रेझिनच्या विद्युत गुणधर्मांवरून क्युअर ओळखणारा) बरा. फक्त कार्बन त्याचे इलेक्ट्रोड शॉर्ट करतो, म्हणून मध्ये काचतंतूंचं पातळ कापड हवं. तुमचे भाग किती जाड आहेत ते कळवा. दोन-तीन मिलिमीटरचे सपाट असतील, तर तुम्ही करताय तेच चालू द्या.