दिवाळी झाली म्हणून आंब्यावर कोयती चालवू नका

परवा मावशीने रत्नागिरीहून फोटो पाठवला. परसातलं हापूसचं कलम अर्धं बोडकं, खाली अंगणभर हिरव्या फांद्यांचा ढीग. फोटो मोठा करून फांद्यांचे शेंडे पाहिले आणि पोटात कालवलं. गडद, करकरीत जून पानं आणि त्यांच्या मधोमध टपोरा डोळा. थंडी पडली की त्याच डोळ्यातून मोहर फुटायचा. मावशीने गड्याला बोलावून तोडून घेतलं, कारण व्हॉट्सॲपवर 'दिवाळीनंतर बागेत करायची कामं' आली होती. हाच मेसेज मला या आठवड्यात चार जणांनी पाठवला, म्हणून लिहितेय.

पहिलंच काम म्हणे, 'सर्व झाडांची कडक छाटणी करा, जमीन गोठण्यापूर्वी उरकून घ्या.' कोकणात जमीन कधी गोठली? हे थंड देशातल्या पानगळीच्या झाडांचं वेळापत्रक आहे. कुणीतरी मराठी केलं आणि पुढे ढकललं. आंबा पानं गाळून झोपत नाही. त्याचा मोहर फांदीच्या शेंड्याला येतो, तोही पालवी जून झालेली असेल तरच. आत्ता शेंडे उडवलेत तर मोहराऐवजी कोवळी पालवी येते आणि ती जून होईतो हंगाम निघून जातो.

आंब्याला कल्टार हे औषध कशासाठी घालतात ते तरी आठवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात द्या. ते औषध झाडाची वाढ रोखतं, म्हणजे अवेळी पालवी न येता मोहर धरतो. बागायतदार पावसात उभं राहून, पैसे मोजून जी पालवी थांबवतात, तीच तुम्ही कार्तिकात कोयतीने ओढून आणताय! फळ धरणाऱ्या झाडाची हलकी छाटणी करायची ती आंबे उतरवल्यावर.

दिवाळीच्या सुमारास छाटणी होतच नाही असं नाही, हे मान्य करावं लागेल. नाशिकची द्राक्षं ऑक्टोबरमध्ये छाटतात, गुलाबही पाऊस सरल्यावर छाटतात. पण द्राक्षाच्या काडीत एप्रिल छाटणीनंतरच घड तयार होऊन बसलेला असतो, ऑक्टोबरची छाटणी त्याला फक्त बाहेर काढते. म्हाताऱ्या आंब्याच्या बागाही खोल छाटून नव्याने उभ्या करतात, पण दोन-तीन वर्षं फळ नाही हे मनाशी धरूनच. मावशीचं कलम तर गेल्या वर्षीपर्यंत पेट्या भरून देत होतं.

दुसरं, 'थंडीत झाडं झोपतात, पाणी बंद करा.' मोठ्या आंब्यापुरतं हे बरोबर आहे, मोहरापूर्वी त्याला पाण्याचा ताणच हवा. पण आपल्याकडे हे मेथी, पालक, मुळा, वाल पेरायचे दिवस. कुंडीतल्या कोथिंबिरीचं पाणी तोडलंत तर चार दिवसांत माना टाकेल.

'कुंडीत वाटीभर मीठ घाला' हे तर कुणीच करू नका. मूळ मजकूर एप्सम सॉल्टचा असणार, ते मॅग्नेशियम सल्फेट, स्वयंपाकातलं मीठ नव्हे. नारळाला मीठ घालतात हे खरं, नारळ ते सोसतो. तुळशीला घातलंत तर मुळांना पाणी ओढता येणार नाही आणि पानं कडेने करपत जातील.

राहिलं 'पालापाचोळा जाळून राख पसरा'. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली, दंड ५,००० रुपयांपासून. तोच पाला झाडाच्या बुंध्यापासून जरा लांब पसरला तर ओल धरतो.

मावशीला कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावायला सांगितलंय. उरलेल्या अर्ध्या कलमाला कैऱ्या वाटाण्याएवढ्या होईतो पाणी द्यायचं नाही. छाटल्या बाजूला आता पालवी येईलच, आणि तिच्यावर पहिले रस शोषणारे तुडतुडे बसतील. ती बाजू रोज सकाळी पाहत जा, असं बजावलंय.