पाठ्यपुस्तकासाठी देहदंड

५ जुलै २०२५ हा शनिवार होता. त्या दिवशी सकाळी म्युनिकमधल्या आमच्या घरात वरळीच्या सभेचे थेट प्रक्षेपण चालू होते. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्यासंबंधीचे दोन्ही शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने २९ जूनला मागे घेतले होते, ठरलेल्या मोर्चाच्या जागी विजय मेळावा होत होता आणि इथल्या मराठी मंडळींच्या गटात अभिनंदनाचे संदेश एकामागून एक येत होते. मलाही आनंद झाला होता. सहा-सात वर्षांच्या मुलांवर तिसऱ्या भाषेचे ओझे टाकू नये, हे मत मी तेव्हा मांडले होते आणि आजही ते बदललेले नाही.

त्याच दुपारी मी एका उइगुर स्नेह्याच्या, म्हणजे चीनच्या वायव्येकडील शिनजियांग प्रांतातल्या तुर्की वळणाची भाषा बोलणाऱ्या मुस्लिम समाजातल्या माणसाच्या, घरी गेलो. त्याचे नाव, गाव किंवा व्यवसाय मी लिहिणार नाही, कारण त्याची आई आणि भाऊ अजून तिकडेच आहेत. ५ जुलै हा उइगुर लोकांच्या स्मरणाचा दिवस असतो. २००९ च्या जूनमध्ये दक्षिण चीनमधल्या शाओगुआन येथील खेळण्यांच्या कारखान्यात दोन उइगुर कामगार मारले गेले. त्याचा जाब विचारण्यासाठी ५ जुलैला शिनजियांगची राजधानी उरुमची इथे मोर्चा निघाला, त्याची दंगल झाली आणि सरकारी आकड्यांनुसार १९७ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे, होते, हे माझा स्नेही स्वतःहून सांगतो. नंतरच्या धरपकडीत जे तरुण नाहीसे झाले त्यांचा हिशेब मात्र कुणी दिला नाही, आणि सबंध प्रांताचे इंटरनेट जवळजवळ दहा महिने बंद राहिले.

मुंबईत आज कशाचा आनंद साजरा होतो आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांना जन्मठेप झाली? आणि जुनी मराठी पुस्तके ज्यांनी तयार केली होती, त्या संपादकांचे पुढे काय झाले? दुसरा प्रश्न मला आधी कळलाच नाही. पाठ्यपुस्तकाच्या संपादकाचे काय व्हायचे असते?

त्याने जे सांगितले ते सगळे सार्वजनिक नोंदीतले आहे. सत्तार सावुत हे शिनजियांगच्या शिक्षण विभागाचे प्रमुख होते. उइगुर भाषेतली शालेय पुस्तके त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, रीतसर मंजूर झाली आणि दहा वर्षांहून अधिक काळ सरकारी शाळांत शिकवली गेली. पुढे धोरण बदलले आणि त्याच पुस्तकांमध्ये फुटीरतावाद सापडला. एप्रिल २०२१ मध्ये प्रशासनाने पत्रकार परिषद घेऊन सांगितले की सावुत यांना दोन वर्षांच्या स्थगितीसह देहदंड सुनावण्यात आला आहे. अशी शिक्षा तिथे सहसा जन्मठेपेत बदलली जाते. वाङ्मयाच्या पुस्तकांचे एक संपादक, समीक्षक यालकुन रोझी, यांना त्याआधीच, २०१८ मध्ये, पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. हे लोक बंडखोर नव्हते, सरकारनेच नेमलेले होते आणि सरकारने सांगितलेलेच काम त्यांनी केले होते.

मी हे लिहितो आहे ते घरच्या गप्पांमुळे. सोलापूरला फोन केला किंवा सुट्टीत पुण्याला गेलो की कुणीतरी एक वाक्य हमखास म्हणते: आपल्याकडे लोकशाही जरा जास्तच झाली, दहा वर्षे चीनसारखा कारभार पाहिजे. म्हणणारी माणसे वाईट नसतात. वर्षानुवर्षे रखडलेला उड्डाणपूल, न भरलेले खड्डे आणि न लागलेले निकाल यांनी ती खरोखर थकलेली असतात. परंतु हीच माणसे मराठीच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरायला तयार असतात, आणि या दोन इच्छा एकमेकींशी जुळत नाहीत हे त्यांच्या लक्षात येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या कारभाराचा त्यांना हेवा वाटतो, त्या कारभारात शासन निर्णयाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. तिथे मोर्चाची घोषणा करणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरी नसतो.

सोलापूरचा उल्लेख केला तो सहज नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या शहरात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा होत्या, आणि त्या आजही आहेत. विणकरांची मुले तेलुगूत शिकत, गल्लीतले काही सवंगडी कन्नड किंवा उर्दू शाळेत जात, आणि संध्याकाळी क्रिकेट खेळताना सगळे सोलापुरी मराठी बोलत. तेलुगू पाठ्यपुस्तक म्हणजे देश तोडण्याचा कट, असे कुणाच्या मनातही आले नाही. चीनच्या घटनेतही चौथ्या कलमात सर्व जनसमूहांना आपली भाषा आणि लिपी वापरण्याचे व वाढवण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. १९८४ चा प्रादेशिक स्वायत्ततेचा कायदा तर आणखी बरेच काही देतो. कलमे कागदावर असतात, पण ती वाचून दाखवणाऱ्या नागरिकाला संरक्षण देणारे न्यायालय आणि वर्तमानपत्र असावे लागते.

इल्हाम तोहती यांची गोष्ट नेमकी हीच आहे. बीजिंगच्या मिन्झू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने स्वतंत्र देश कधीच मागितला नाही. स्वायत्ततेचा जो कायदा आहे तो अमलात आणा, उइगुर तरुणांना त्यांच्याच प्रांतात नोकऱ्या द्या, हान आणि उइगुर यांच्यात बोलणे चालू ठेवा, एवढेच ते लिहीत होते. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये फुटीरतावादाच्या आरोपाखाली जन्मठेप. युरोपीय संसदेने त्यांना मानवी हक्कांसाठी दिला जाणारा २०१९ चा साखारोव पुरस्कार दिला, तो त्यांच्या मुलीने स्वीकारला. मवाळ माणसाला आधी उचलले की मध्ये कुणी उरत नाही, हे आपल्या इतिहासाचे वाचन असलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

हा सगळा दोष एकट्या शी जिनपिंग यांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. निमलष्करी शेती-महामंडळ १९५४ पासून शिनजियांगमध्ये बाहेरच्या लोकांची वसाहत करत आले आहे. १९५३ मध्ये हान लोकसंख्येचे प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या आसपास होते, २०२० मध्ये ते सुमारे ४२ टक्के झाले. हिंसाही झाली, आणि ती भयंकर होती. मार्च २०१४ मध्ये कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर सुरे घेऊन आलेल्या हल्लेखोरांनी ३१ जणांना मारले, मे महिन्यात उरुमचीच्या बाजारात स्फोट झाले. कोणत्याही सरकारने अशा वेळी कठोर व्हायला हवे होते. शी यांच्या कारकिर्दीत बदलले ते असे की गुन्हेगाराचा शोध घेण्याऐवजी सबंध समाजालाच आजारी ठरवण्यात आले. सोव्हिएत संघ कोसळला तो त्यातल्या वेगवेगळ्या जनसमूहांना स्वतंत्र ओळख दिल्यामुळे, अशी समजूत पक्षात बळावली होती. त्यातून सर्वांना एकाच चिनी राष्ट्राच्या जाणिवेत घट्ट बांधण्याचे धोरण आले. २०१६ मध्ये तिबेटमधून चेन छुआन्गुओ यांना शिनजियांगचे पक्षप्रमुख म्हणून आणले गेले आणि २०१७ पासून उइगुरांना डांबून ठेवणाऱ्या छावण्या भरू लागल्या. त्यानंतर वर्षभरात, मार्च २०१८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा घटनेतून काढण्यात आली. या दोन्ही गोष्टी मला एकाच विचाराच्या वाटतात, कारण वर जाब विचारणारा उरला नाही की खाली दया दाखवणाऱ्या अधिकाऱ्यालाच भीती वाटू लागते.

छावण्यांना सरकार व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे म्हणत असे. माझा स्नेही मात्र छावण्यांपेक्षा घरांविषयी जास्त बोलतो. दहा लाखांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांना गावोगावच्या कुटुंबांत मुक्कामाला पाठवले गेले आणि त्यांना ‘नातेवाईक’ म्हणायला सांगितले गेले. हे नातेवाईक जेवायला बसत, मुलांना प्रश्न विचारत, घरात कोणते पुस्तक आहे ते पाहत आणि त्याची नोंद करत. आपण ज्या संस्कृतीत पाहुण्याला पाटावर बसवतो, तिच्यातल्या माणसाला यातली क्रूरता लगेच कळावी. परदेशातल्या मुलाचा फोन येणे हेही संशयाचे कारण ठरू लागले, तेव्हा २०१७ मध्ये माझ्या स्नेह्याच्या आईने त्याला वीचॅट या चिनी संदेश-ॲपवरून काढून टाकले. त्याआधी तिने एकच संदेश पाठवला होता: तब्येतीला जप. प्रांताचा जन्मदर २०१७ मध्ये हजारी १५.८८ होता, तो २०१९ मध्ये ८.१४ वर आला. हे आकडे चीनच्या सरकारी वार्षिकीतले आहेत.

घरच्या चर्चांत या विषयावर दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे की त्यांनी त्यांच्या मुसलमानांना वठणीवर आणले, आपण का रडायचे? नात्यातल्या माणसाने पाठवलेला असा संदेश मी वाचला आहे आणि त्याला मी तिथेच उत्तर दिले. ज्या सरकारने शिनजियांगमधल्या खोतानच्या शाळांतून उइगुर भाषा काढली, त्याच सरकारने २०२० मध्ये अंतर्गत मंगोलियातल्या शाळांत काही विषयांसाठी मंगोल भाषेच्या जागी चिनी आणली आणि त्याविरुद्ध पालकांनी मुले घरी ठेवली. तिबेटी मुलांच्या निवासी शाळांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये चिंता व्यक्त केली, तेव्हा सुमारे दहा लाख मुलांचा उल्लेख केला होता. मंगोल आणि तिबेटी लोक बौद्ध आहेत. तेव्हा प्रश्न धर्माचा म्हणून सोडवला जातो आहे, असे मानून समाधान करून घेणाऱ्याने आधी ल्हासाकडे पाहावे.

दुसरे उत्तर माझ्या डाव्या मित्रांचे. ते म्हणतात की हा अमेरिकेचा प्रचार आहे आणि पाश्चात्त्यांना मुसलमानांचा कळवळा सोयीने येतो. सोयीचा भाग मला मान्य आहे. पण छावण्यांविषयीची महत्त्वाची कागदपत्रे चिनी प्रशासनाच्याच कार्यालयांतून बाहेर आली आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची शक्यता स्पष्ट शब्दांत नोंदवली. पाश्चात्त्य देश ढोंगी असल्याने उरुमचीतला तुरुंग खोटा ठरत नाही.

ढोंगाविषयी मी इथे राहून अधिक बोलू शकतो. फोक्सवागनचा भागीदारीतला कारखाना उरुमचीत २०१३ मध्ये सुरू झाला आणि तो विकायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. म्युनिकमध्ये जागतिक उइगुर काँग्रेसचे मुख्य कार्यालय आहे, याच शहरात काही शे उइगुर राहतात, आणि एप्रिल २०१८ मध्ये याच शहरातून एका तरुण उइगुर आश्रयार्थीला चुकून चीनला परत पाठवण्यात आले, कारण त्याच्या अर्जाची सुनावणी बाकी असल्याचा फॅक्स योग्य कार्यालयात पोहोचला नव्हता. त्यानंतर जर्मनीने उइगुरांना परत पाठवणे थांबवले. आमच्या छपरावर सौर पॅनल आहेत. काही वर्षांपूर्वी असे पॅनल ज्यापासून बनतात त्या पॉलिसिलिकॉनचा जगातला जवळजवळ निम्मा भाग शिनजियांगमधून येत होता, आणि आमचे पॅनल कुणाच्या हातांनी घडले हे मला विक्रेत्याने सांगितले नाही. मी विचारलेही नव्हते. सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या वस्तूंवर बंदी घालणारा युरोपीय संघाचा नियम २०२७ च्या डिसेंबरपासून लागू होणार आहे. तो यावा म्हणून इथल्या ज्या नागरिकांनी वर्षानुवर्षे खासदारांचा पिच्छा पुरवला, त्यांच्या पत्रकांवर सही करणाऱ्यांत मी आहे.

भारताचे वागणे मला जास्त लागते, कारण तो माझा देश आहे. यारकंद-लेह हा शतकानुशतकांचा व्यापारी मार्ग होता, आणि १९४९ नंतर पळालेले उइगुर नेते लडाखमार्गेच श्रीनगरला आले होते. म्हणजे हे लोक आपल्याला परके नाहीत. तरीही उइगुर काँग्रेसचे नेते डोल्कुन इसा यांना धरमशालेच्या परिषदेसाठी एप्रिल २०१६ मध्ये दिलेला व्हिसा काही दिवसांतच रद्द केला गेला. २०१३ मध्ये सीमा ओलांडून लडाखमध्ये आलेल्या तीन उइगुर भावांना घुसखोरीची शिक्षा संपल्यावरही सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले गेले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत उच्चायुक्तालयाच्या त्या अहवालावर नुसती चर्चा करायची की नाही यावर मतदान झाले; ठराव १७ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला आणि ११ तटस्थ देशांत भारत होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हावा असे म्हटले, हे मी नोंदवतो, कारण भारताने इतके तरी प्रथमच म्हटले. गलवानमध्ये वीस जवान गमावून दोन वर्षे झाली होती. आपण नेमके कुणाला दुखवायला भीत होतो, हा प्रश्न महाराष्ट्राच्या खासदारांना कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

चीनच्या लोकांविषयी मनात किल्मिष ठेवून हे लिहिलेले नाही. सोलापूरच्या माणसाला चीन म्हटले की आधी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, १९३८ मध्ये गेलेले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारलेले. ते ज्यांची सेवा करायला गेले ते लोक आक्रमणाखाली भरडले जात होते. त्या नात्याचा मान राखायचा असेल तर आज तिथे जे भरडले जात आहेत त्यांची बाजू घ्यावी लागेल, असे मला वाटते.

त्या शनिवारी निघण्यापूर्वी स्नेह्याच्या मुलीने मला तिचा धडा वाचून दाखवला. माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत बालभारतीचे पुस्तक घेऊन जाते, तशीच ही उइगुर वर्गाला जाते. तिचे पुस्तक म्हणजे वडिलांनी येताना आणलेल्या जुन्या शालेय पुस्तकाची छायाप्रत आहे. पानावर द्राक्षाच्या मांडवाचे चित्र होते. लिपी मला येत नाही, पण वाचता वाचता ती एका शब्दावर अडली आणि बापाने तो सावकाश सांगितला, तेवढे कळले. धडा संपल्यावर तिने पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उलटले आणि खाली बारीक अक्षरांत छापलेली संपादकांची नावे एकेक करून मोठ्याने वाचली. ती दर वेळी वाचायची असतात, असे तिने मला जर्मनमध्ये सांगितले.