नॉमिनीच्या खात्यात पैसे जमा होतात, मालकी नव्हे

घरातील माणूस गेल्यानंतर त्याच्या मालमत्तेचे काय करावे, हे सांगणारा एक मजकूर कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांमधून सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की बँकखाते, विमा, शेअर आणि फ्लॅट या सर्वांना नॉमिनी लावून ठेवला म्हणजे मृत्यूनंतर तोच मालक होतो आणि इतर वारसांना त्यावर हक्क सांगता येत नाही. म्हणून मृत्युपत्र करण्याची गरज उरत नाही. शेतजमिनीची वारसनोंद झाली की तोही विषय मिटतो. आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, तर आता कायद्यातूनच काढून टाकले आहे. यातील ‘नॉमिनी लावा’ एवढा सल्ला योग्य आहे आणि तो अवश्य पाळावा. त्यापुढची विधाने मात्र चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि त्यांवर विसंबून राहणाऱ्या कुटुंबाला त्याची किंमत पुढे दिवाणी न्यायालयात मोजावी लागते.

सुरुवात बँकेपासून करू. ठेवीदाराच्या मृत्यूनंतर बँकेने पैसे कोणाच्या हाती दिले म्हणजे तिची जबाबदारी संपते, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर नामनिर्देशनातून मिळते. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना सांगून ठेवले आहे, की ही रक्कम नॉमिनीला मृताच्या कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून मिळते आहे, हे त्याला स्पष्टपणे कळवावे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये हाच अर्थ कायम केला. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीसाठी चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकापुढे टक्केवारीही लिहिता येते, त्यामुळे तो अर्ज म्हणजे जणू छोटे मृत्युपत्रच आहे असा समज पसरू लागला आहे; परंतु ती टक्केवारी बँकेने कोणाला किती द्यायचे याची आहे, शेवटी कोणाचे किती याची नाही.

विम्याच्या बाबतीत मजकुरात थोडे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. विमा कायद्याच्या कलम ३९ खालील नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा हात आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवले होते. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास त्या रकमेवर त्यांचा लाभाचा हक्क राहील, अशी तरतूद आली. तिचा वारसा कायद्याशी मेळ कसा घालायचा, याबद्दल उच्च न्यायालयांमध्ये एकवाक्यता नाही. शिवाय ही तरतूद विम्यापुरतीच आहे. तिचा दाखला देऊन फ्लॅटवर मालकी सांगणे हे या मजकुराचे सर्वांत मोठे घोटाळ्याचे ठिकाण आहे.

शेअरांबाबतच्या गैरसमजाला मात्र एक निकालच कारणीभूत ठरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २०१० मध्ये नॉमिनीच शेअरांचा मालक होतो असे म्हटले, आणि त्याची बातमी आजही वाचनात येते. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये ते मत अमान्य केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाच्या बाजूने निकाल दिला. कंपनी कायद्यातील नामनिर्देशन हे उत्तराधिकाराचा तिसरा मार्ग नाही: वारसा एकतर मृत्युपत्राने जातो, नाहीतर वारसा कायद्याने.

आता फ्लॅट. महाराष्ट्रात भांडणे इथेच होतात, कारण नॉमिनीचा अर्ज सोसायटीच्या कार्यालयात भरलेला असतो आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नॉमिनीचे नाव चढले की घर त्याचे झाले असे सगळेच धरून चालतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळे प्रकरण घातले गेले, त्यातील कलम १५४ब-१३ नुसार संस्थेने नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यायचे असते, आणि तेही मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने हक्कदार ठरलेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच. या काळात देखभाल शुल्क भरणे, संस्थेशी पत्रव्यवहार करणे ही कामे नॉमिनी करू शकतो. फ्लॅट विकून आलेले सारे पैसे स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

हे एका उदाहरणाने पाहू. स्वकष्टार्जित फ्लॅट असलेला, हिंदू वारसा कायदा लागू असलेला एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, आई, मुलगा आणि विवाहित मुलगी आहेत. नॉमिनी मुलगा आहे. १९५६ च्या कायद्यानुसार हे चौघेही प्रथम वर्गातील वारस आहेत आणि प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश आहे. मुलीचे लग्न झाले, याने तिचा हिस्सा तसूभरही कमी होत नाही. तिच्याहीपेक्षा जास्त विसरली जाते ती आई. आईचा चतुर्थांश तिच्या स्वतःच्या मालकीचा होतो आणि पुढे ती मृत्युपत्राविना वारली तर तो तिच्या सर्व मुलामुलींकडे, म्हणजे मृत गृहस्थाच्या भावाबहिणींकडेही जातो. ज्या घरात पत्नीने आयुष्य काढले त्या घरात दीर आणि नणंद हिस्सेदार होतात, ते असे. त्यात त्यांची काही लबाडी असतेच असे नाही, कायद्याचा हिशेबच तसा आहे. ज्या समाजांना वेगळे वैयक्तिक कायदे लागू आहेत तेथे हिस्से निराळे पडतात, पण नॉमिनीमुळे ते बदलत नाहीत हे तिथेही खरेच आहे.

म्हणूनच मृत्युपत्राची गरज उरत नाही हे विधान मला या मजकुरातले सर्वांत घातक वाटते. वरच्या गृहस्थाला फ्लॅट पत्नीलाच मिळावा असे वाटत असते, तर त्याला तसे लिहून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ठेवता आले असते. त्या कागदाची नोंदणी सक्तीची नाही. केलेली बरी, इतकेच. साक्षीदार मात्र शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान आणि पुढे सापडतील असे निवडावेत, कारण वाद झाल्यास निदान एका साक्षीदाराची साक्ष न्यायालयात घ्यावी लागते, आणि नोंदणी झाली आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. मृत्युपत्र नसेल आणि वारसांमध्ये एकोपा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने बाकीचे वारस आपापला हिस्सा एकाच्या नावे सोडू शकतात.

वारसनोंदीबद्दल थोडक्यात सांगता येईल. तलाठ्याकडे अर्ज देऊन फेरफार मंजूर होणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे आवश्यक आहे, पण ती महसुलाची नोंद आहे. तिने मालकी निर्माण होत नाही आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क बुडतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तसेच, न्यायालयाकडून मिळणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणे रकमा आणि रोख्यांपुरते असते. जमीन किंवा घर त्यावर नावावर होत नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला हा निराळा कागद आहे. एकाच्या जागी दुसऱ्यासाठी अर्ज केल्याने कित्येकांचे महिने वाया जातात.

शेवटचा मुद्दा प्रोबेटचा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथील मालमत्तेबाबत किंवा तेथे केलेल्या मृत्युपत्राबाबत हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना प्रोबेटची सक्ती करणारे भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले, हे खरे आहे. गेली ती सक्ती. प्रोबेट गेले नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला आजही प्रोबेटसाठी अर्ज करता येतो आणि व्यवस्थापक नेमलेला नसेल तर मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा न्यायालयाचा अधिकारपत्र-आदेश, मागता येते. एखाद्या वारसाने सही खोटी असल्याचा किंवा दबाव आणल्याचा आरोप केला, तर मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावर कालही होता आणि आजही आहे, आणि अशा वेळी सोसायटी किंवा बँक न्यायालयाचा आदेश आणायला सांगणार हे उघड आहे. उलट बाजूने हेही ध्यानात ठेवावे, की प्रोबेट न्यायालय फक्त मृत्युपत्र खरे आहे की नाही एवढेच ठरवते. त्यात लिहिलेला फ्लॅट मुळात मृताच्या एकट्याच्या मालकीचा होता का, हा वाद असेल तर त्यासाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागतो.